पन्नास एचपीच्या वरचा सेकंड हँड ट्रॅक्टर: धुराची यंत्रणा कशी तपासायची

जुना ट्रॅक्टर बघायला गेलं की आपण टायर बघतो, क्लच-गिअर बघतो, हायड्रॉलिक उचलतंय का ते बघतो, ऑइल कुठे गळतंय ते शोधतो आणि मग आरसी हातात घेतो. पन्नास एचपीच्या आतल्या ट्रॅक्टरला एवढी तपासणी पुरते. पण १ जानेवारी २०२३ पासून ३७ किलोवॅट, म्हणजे साधारण ५० एचपी आणि त्यावरच्या ट्रॅक्टरना धुराचे ट्रेम-४ हे निकष लागू झाले. ते ट्रॅक्टर आता दुसऱ्या मालकाकडे जाऊ लागलेत. त्यांच्यातला सगळ्यात खर्चिक बिघाड वरवर बघून सापडत नाही. तो सायलेन्सरच्या जागी बसवलेल्या डब्यात असतो, नाहीतर त्या डब्याला जोडलेल्या एखाद्या बारीक नळीत.

‘ही सेन्सरची भानगड टिकतच नाही’ असं गावोगाव ऐकायला मिळतं. ते पूर्ण खरं नाही. डबा आपणहून क्वचितच खराब होतो. ट्रॅक्टर कुठल्या कामावर चालला, त्यात ऑइल कुठलं पडलं आणि दिवा लागल्यावर मालकाने काय केलं, यावर त्याचं आयुष्य ठरतं. म्हणून ट्रॅक्टर बघताना त्याची मागची दोन-तीन वर्षं कशी गेली हे शोधून काढणं सगळ्यात महत्त्वाचं.

मुळात यंत्रणा आहे का, ते आधी बघा

द्राक्षबागेत, डाळिंबात चालणारे १८ ते २८ एचपीचे मिनी ट्रॅक्टर घेणार असाल तर हा सगळा विषय तुमच्यासाठी नाही. पन्नासच्या आत जुने ट्रेम-३ए निकषच चालू राहिले. तिथे साधा यांत्रिक पंप, साधे नोझल आणि साधा सायलेन्सर असतो. पन्नासच्या वरचा घेत असाल तर नोंदणीची तारीख बघून निष्कर्ष काढू नका. चेसिसजवळच्या प्लेटवरचा बनावटीचा महिना आणि किलोवॅटचा आकडा बघा, आणि आरसीवर किंवा वाहन पोर्टलवर एमिशनच्या रकान्यात काय लिहिलंय ते त्याच्याशी ताडून बघा. ‘फिफ्टी’ नावाने विकला जाणारा एखादा ट्रॅक्टर प्लेटवर ३७ किलोवॅटच्या आत असतो, आणि मग त्याच्यात यातलं काहीच नसतं.

अमेरिकेत ही रेघ आणखी खाली, १९ किलोवॅट म्हणजे २५ एचपीवर आहे, आणि २०१३ पासून आहे. त्यामुळे तिथे कुबोटाचा एल२५०१ (२४.८ एचपी), जॉन डिअरचा १०२५आर (२३.९ एचपी) असे रेघेच्या जेमतेम आत बसणारे छोटे ट्रॅक्टर भरपूर खपतात. तिकडे शेती घेतलेल्या मराठी माणसालाही जुना छोटा ट्रॅक्टर घेताना पुढची सगळी तपासणी लागू आहे, फक्त पन्नासच्या जागी पंचवीस वाचायचं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. महिंद्राने अमेरिकेत विकलेल्या एमसीआरडी इंजिनांना काजळीची जाळी नव्हती. चांगलं ज्वलन आणि एक उत्प्रेरक डबा एवढ्यावर त्यांनी निकष गाठले. म्हणून रेघेच्या वरचा ट्रॅक्टर म्हणजे डीपीएफ, म्हणजे ही काजळीची जाळी, असणारच, असं धरून चालू नका. त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा.

निकष काय बदलला, आणि त्यामुळे काय बसवावं लागलं

३७ ते ५६ किलोवॅटच्या गटात, म्हणजे ५० ते ७५ एचपीत, काजळीची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ०.४० ग्रॅमवरून ०.०२५ ग्रॅमवर आली. सोळावा हिस्सा. नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांची एकत्र मर्यादा मात्र ४.७ ग्रॅम होती ती तशीच राहिली. या दोन आकड्यांतून बरंच कळतं. खरी लढाई काजळीशी आहे, म्हणून काजळी अडवणारी जाळी आली. नायट्रोजन ऑक्साइडसाठी वेगळं काही लागलं नाही, म्हणून ट्रकला लागतो तसा युरियाचा द्रव या गटातल्या ट्रॅक्टरला सहसा भरावा लागत नाही.

यंत्रणेचे भाग असे. कॉमन रेल म्हणजे हजार बारच्या कितीतरी वर दाबाने, संगणकाच्या म्हणजे ईसीयूच्या हुकुमावर डिझेल फवारणारी व्यवस्था. ईजीआर म्हणजे जळून गेलेला थोडा धूर गार करून परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतो. त्यानंतर डीओसी, म्हणजे उरलेलं डिझेल आणि कार्बन मोनॉक्साइड जाळणारा उत्प्रेरक. आणि शेवटी डीपीएफ, काजळीची जाळी. जाळी म्हणतात खरं, पण आत सिरॅमिकची मधमाशीच्या पोळ्यासारखी वीट असते. तिची एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला नळीच्या भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते.

अडकलेली काजळी जाळावी लागते. ट्रॅक्टर जोरात कामावर असेल, पल्टी नांगर नाहीतर खोल रोटाव्हेटर, तर धूर मुळातच इतका गरम असतो की बरीचशी काजळी कामाकामातच जळून जाते. काम हलकं असेल तर काजळी साठत जाते, आणि एका ठरावीक पातळीला ईसीयू जास्तीचं डिझेल सोडून डबा साधारण ६०० अंशांपर्यंत तापवतो. याला रीजनरेशन म्हणतात, बोलण्यात नुसतं रीजन. ट्रॅक्टर चालू असताना ते आपोआप होतं. झालं नाही तर दिवा लागतो आणि ट्रॅक्टर उभा करून बटण दाबून करावं लागतं. तेही केलं नाही तर ईसीयू ताकद कमी करतो, आरपीएम एका मर्यादेच्या वर जात नाही. त्यानंतर डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

काजळी जळते, राख जळत नाही. ही राख येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस अशा घटकांतून. ती कायमची साठत जाते, आणि सगळं नीट असेल तर साधारण तीन हजार तासांच्या पुढे डबा उतरवून यंत्रावर साफ करावा लागतो. ऑइल चुकीचं असेल तर ही वेळ खूप आधी येते. डीपीएफच्या इंजिनाला कमी राखेचं ऑइल लागतं: एपीआय सीजे-४ किंवा सीके-४ ग्रेडचं, ज्यात सल्फेटेड राख १ टक्क्याच्या आत असते. जुन्या ट्रॅक्टरसाठी गोदामात पडलेलं सीआय-४ ऑइल यातही ओतणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. इंजिन त्याने बिघडत नाही, म्हणून कुणाला ती चूक वाटतही नाही. डबा मात्र गुपचूप भरत जातो.

कामाचा इतिहास विचारताना

इथे घाई करू नका. मीटरवर ९०० तास दिसणं हे दिलासा देणारं आहे की काळजीचं, हे ते तास कशात गेले यावर ठरतं.

नांगरणी, सबसॉयलर, रोटाव्हेटर, भरलेल्या ट्रॉल्या ओढणं यात गेलेले १,८०० तास डब्यासाठी चांगले. पाण्याचा टँकर, रिकामी ट्रॉली, गावातल्या गावात फेऱ्या, इंजिन चालू ठेवून तासभर गप्पा यात गेलेले ८०० तास वाईट. ऊसवाहतूक दोन्ही बाजूंनी बघायला हवी: रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढताना डबा छान तापतो, पण कारखान्याच्या यार्डात रांग सरकेल तसं पुढे घेत रात्रभर इंजिन घुमवत ठेवलं असेल तर केलेली कमाई तिथेच जाते.

सगळ्यात जास्त चौकशी मळणीची करा. मळणी यंत्रावर ट्रॅक्टर एका जागी उभा, चारी बाजूंनी सोयाबीनचं नाहीतर गव्हाचं भुसकट, आणि त्यात रीजन सुरू झालं की डबा सहाशे अंशांना. आग लागण्याची भीती खरी आहे, आणि म्हणूनच रीजन तात्पुरतं थांबवायचं बटण दिलेलं असतं. नियम असा की काम संपल्यावर ट्रॅक्टर मोकळ्या जागेत, पाचट-भुसकटापासून लांब नेऊन रीजन पूर्ण करायचं. प्रत्यक्षात बटण हंगामभर दाबलेलंच राहतं. ट्रॅक्टर भाड्याने मळणीवर जात होता असं कळलं तर ‘रीजन कुठे करत होता?’ एवढं ड्रायव्हरला विचारा. मालकाला नव्हे, ड्रायव्हरला. त्याला रीजन हा शब्दच माहीत नसेल तर उत्तर मिळालं.

डिझेल कुठून भरायचे हेही विचारा. १ एप्रिल २०२० पासून देशभरातल्या पंपांवर बीएस-६ डिझेल आहे, त्यात गंधक दहा लाखांत १० भाग एवढंच. म्हणजे पंपावरचं डिझेल डब्याला चालतं. घोटाळा होतो तो उघड्या बॅरलमधल्या, पाणी शिरलेल्या किंवा भेसळीच्या डिझेलने. त्याने आधी इंजेक्टर जातो, आणि गळका इंजेक्टर इतकी काजळी करतो की त्याच्या मागोमाग डबाही जातो.

बघायला जाताना

फोनवर आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर आधी चालवून दिवा विझवला असण्याची शक्यता धरा.

चावी ऑनवर फिरवा, स्टार्ट मारू नका. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे सगळे दिवे क्षणभर लागले पाहिजेत. इंजिनचा दिवा आणि डीपीएफचा दिवा त्यात आहेत का, मॅन्युअलमधलं चित्र समोर धरून मोजा. एखादा दिवा लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद केला असण्याची शक्यता धरा.

ऑइलची पट्टी काढा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर रीजन पुन्हा पुन्हा अर्धवट राहतंय. रीजनसाठी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगला जे संरक्षण हवं ते मिळत नाही. अशा ट्रॅक्टरमध्ये डब्यापेक्षा इंजिनाची काळजी जास्त.

रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. आत रंगीत कूलंट हवा. नुसतं पाणी असेल, त्यात बोअरचं खारं पाणी आणि कडेला पांढरे थर दिसत असतील, तर ईजीआर कूलरकडे संशयाने बघा. धूर गार करणारा हा छोटा भाग क्षाराने चोंदतो, तापतो आणि आतून तडकतो. बाहेर थेंबही गळत नाही आणि पाणी मात्र कमी होत राहतं. ‘आठवड्याला थोडं पाणी टाकावं लागतं’ हे वाक्य ऐकलं तर कूलर प्रेशर देऊन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता सायलेन्सरच्या तोंडाशी या. काठीला पांढरं फडकं गुंडाळा आणि नळीत वीतभर आत घालून फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर हजार तास चाललेल्या ट्रॅक्टरच्या नळीतही जेमतेम राखाडी धूळ येते, धातू दिसतो. फडकं काळंकुट्ट निघालं तर आतली वीट तडकली आहे, नाहीतर काढून टाकली आहे. सेकंड हँड ट्रेम-४ ट्रॅक्टरवर फुकटात होणारी याच्याइतकी भरवशाची चाचणी दुसरी नाही.

त्यानंतर डब्याभोवती फिरा. कंपनीची शिवण सरळ, एकसारखी असते. वेल्डिंगची दुसरी रेघ, ग्राइंडरचे ओरखडे, नवा रंग, बदललेले क्लॅम्प दिसले तर डबा कापून पुन्हा जोडलाय. डब्याच्या पुढून आणि मागून दोन बारीक नळ्या निघून एका सेन्सरला जातात. हा दाबातला फरक मोजणारा सेन्सर, आणि काजळी किती साठली हे ईसीयूला मुख्यतः त्याच्यावरूनच कळतं. नळी चिरली, चोंदली किंवा उलटसुलट जोडली तर चांगला डबाही भरलेला दिसतो, नाहीतर भरलेला डबा रिकामा दिसतो. वायरींवरून हात फिरवा. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात, आणि प्रेशरने धुताना कनेक्टरात शिरलेलं पाणी महिन्यांनी हिरवा गंज दाखवतं. ‘डीपीएफ गेला’ म्हणून स्वस्तात निघालेला एखादा ट्रॅक्टर अशा नळीने किंवा कनेक्टरने बरा होतो. पण ते लॅपटॉपवर सिद्ध झाल्याशिवाय त्या आशेवर पैसे लावू नका.

चेसिसवर किंवा हुकावर ताजं वेल्डिंग दिसलं तर बॅटरीच्या केबल काढून केलं होतं का ते विचारा. बॅटरी जोडलेली ठेवून वेल्डिंग केलं की ईसीयू जळू शकतो, किंवा अर्धामेला होऊन महिन्याभराने दगा देतो.

लोडवर अर्धा तास, मग रीजन

रिकामा ट्रॅक्टर रस्त्यावर फिरवून काहीच कळत नाही. डिझेलचे पैसे तुम्ही द्या, पण रोटाव्हेटर जोडून निदान अर्धा तास रानात चालवा. पूर्ण खोलीला इंजिन आरपीएम धरून राहतं का बघा. एका ठरावीक आरपीएमच्या वर ते जातच नसेल आणि धूर मात्र काळा नसेल, तर ईसीयूने ताकद रोखली आहे. काळा धूर सोडत दम टाकत असेल तर टर्बोनंतरचा रबरी पाइप, एअर फिल्टर, इंजेक्टर या क्रमाने संशय घ्या.

इंजिन चांगलं तापल्यावर मोकळ्या जागेत उभं करा: न्यूट्रल, हँडब्रेक, पीटीओ बंद, आजूबाजूला सुकं गवत नाही. आता मालकाला उभ्या जागी रीजन करायला सांगा. आरपीएम आपोआप चढतो, सायलेन्सरमधून तापलेल्या हवेचा झोत येतो, आणि साधारण वीस ते चाळीस मिनिटांत ते पूर्ण होऊन इंजिन पुन्हा आयडलवर येतं. गरज नसल्याने ईसीयूने रीजनला नकार दिला तर ठीक. एरर दाखवून नकार दिला, किंवा मध्येच सोडलं, तर कारण सापडेपर्यंत व्यवहार थांबवा.

लॅपटॉपवर काय मागायचं

हा खर्च टाळू नका. त्या कंपनीच्या डीलरकडून ईसीयू वाचून घ्या. सध्याच्या आणि जुन्या एररची यादी, काजळीची टक्केवारी, राखेचा अंदाज, पूर्ण झालेली आणि अर्धवट राहिलेली रीजनं, आणि ईसीयूमधले एकूण तास यांतलं त्या मॉडेलला जेवढं दिसतं तेवढं कागदावर मागा. ईसीयूचे तास आणि डॅशबोर्डचे तास जुळत नसतील तर मीटर बदललंय. सगळ्या एरर कालच पुसलेल्या असतील तर चार-पाच तास कामावर चालवून परत वाचा. दर दोन-तीन तासांनी रीजन होतंय असं दिसलं तर डबा राखेने भरलाय किंवा इंजिन फार काजळी करतंय. या दोन्हींचा खर्च अगदी वेगळा, म्हणून इंजेक्टरची रिटर्न चाचणी करून घ्या: प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटलीत घ्यायचं, एक बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरली तर तो इंजेक्टर गेलेला.

मूळ दोष तसाच ठेवून नुसता डबा बदलला तर नवा डबाही त्याच वाटेने जातो. डीपीएफ बदलल्याचं बिल मालक अभिमानाने दाखवत असेल, तर त्याच्या आधी इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरचं काम झाल्याचं बिलही बघायला मागा.

डीपीएफ काढून टाकलेला ट्रॅक्टर

‘सगळी कटकट काढून टाकलीय, आता आयुष्यभर बघायला नको,’ असं सांगून ट्रॅक्टर विकले जातात. असा ट्रॅक्टर घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही, आणि खरेदी केल्यावर तो बदल तुमच्या नावावर. शिवाय ईसीयूत कुणी काय घातलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. डीलरने कधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तर ट्रॅक्टर जागच्या जागी अडकतो, आणि डबा, सेन्सर, वायरिंग असं सगळं नव्याने घ्यावं लागतं.

आणि धूर कुणाच्या छातीत जातो? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसणारा माणूस त्या नळीच्या अगदी जवळ असतो. सोळा पटींनी कमी झालेली काजळी त्याच्यासाठी कमी झाली आहे.

डबा ‘धुऊन’ घेतलेला असेल तरी सावध राहा. ॲसिड किंवा कॉस्टिकने धुतलं की उत्प्रेरकाचा थर जातो, उच्च दाबाच्या पाण्याने वीट तडकते. योग्य साफसफाई म्हणजे डबा उतरवून भट्टीत तापवणं आणि उलट्या दिशेने हवा मारणं. त्यानंतर नवी गॅस्केट लावायची आणि ईसीयूतला राखेचा आकडा शून्यावर आणायचा. आकडा रीसेट केला नाही तर साफ डबाही ईसीयूच्या लेखी भरलेलाच.

इसार देण्याआधी

चेसिस नंबर घेऊन डीलरकडे जा. कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे का, धुराच्या यंत्रणेला ती लागू आहे का आणि दुसऱ्या मालकाला मिळते का, हे लेखी विचारा. त्याच वेळी त्या मॉडेलच्या डीपीएफचं, डीओसीचं, एका इंजेक्टरचं आणि ईजीआर कूलरचं कोटेशन घ्या. ते आकडे हातात असले की ‘थोडं काम आहे’ म्हणून मालक किती कमी करतोय ते पुरेसं आहे का, हे तिथल्या तिथे कळतं. सर्व्हिसची बिलं नसतील तर ऑइल चुकीचं पडलंय असं धरा आणि डबा साफ करण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

ट्रॅक्टर घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल, ऑइल फिल्टर आणि दोन्ही डिझेल फिल्टर बदला, फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी सोडा, रेडिएटर धुऊन कूलंट भरा. डीपीएफचा दिवा लागल्यावर कुठे उभं करायचं, किती वेळ थांबायचं आणि कुठलं बटण दाबायचं, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला स्वतः करायला लावून शिकवा, आणि हँडलजवळ चिठ्ठी चिकटवा: मळणी झाल्यावर रीजन थांबवायचं बटण सोडायचं.